वाऱ्याचा अनध्याय

पाठशाळेंत दोन-चार वर्षें काढलेल्या माझ्यासारख्या माणसास लहानपणीं अत्यंत प्रिय असा एखादा संस्कृत शब्द असेल, तर तो 'अनध्याय' हाच होय. प्रतिपदा आली, अष्टमी आली, कीं त्या दिवशीं पाठ बंद. आकाश अवेळीं गडगडलें कीं पाठ बंद. आणि पावसाळ्यांत रात्रीं कानांस ऐकूं येईल इतका किंवा दिवसा धूळ उडवील इतका वारा सुटला, तर प्रत्यक्ष मनुस्मृतीनेंच त्या वेळीं अध्ययन वर्ज्य सांगितलें आहे. महाभारताच्या शांतिपर्वांत तर याविषयीं एक स्वतंत्र प्रसंगच आहे. व्यासमहर्षि आपला पुत्र शुक यास घेऊन हिमालयावर वेदपठण करीत असतां एकाएकीं मोठा वारा सुटतो. व्यास तात्काळ पठण थांबवितात. आणि 'हा वारा आला कोठून?' असें शुकानें विचारल्यावर प्रवह, आवह, उद्वह, संवह, विवह, परिवह व परावह अशा सात वायूंचें वर्णन करून सांगतात. आम्हां मुलांस त्या सात वायूंशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. पाठ बंद झाला, आतां आंब्याखालीं पळावयास मोकळे झालों, एवढाच अर्थ आम्हीं त्यांतून काढला होता. त्याचा दुसरा अर्थ समजावयास मला वयाचें ६८ वें वर्ष उजाडावें लागलें, आणि तोहि समजला तो मावळांतील एका डोंगराच्या धारेवर, ज्याला संस्कृताचा गंधहि नाहीं अशा एका तरुण शिक्षकाच्या व माझ्या स्वतःच्या नातवाच्या कृपेनें. ती हकीकत आज वाचकांपुढें ठेवितों.

आमचा नातू पुण्यास इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षांत आहे. गेल्या दिवाळीपासून त्यास डोंगरावरून पंख लावून उडण्याचा नाद लागला. पुणें-लोणावळें रस्त्यावर कामशेत म्हणून जें गांव आहे, त्याच्या आसपासच्या डोंगरांवर पावसाळा सरल्यापासून वैशाखापर्यंत हा खेळ चालतो. प्रथम प्राथमिक वर्ग झाला. लहानशा टेकाडावरून खालच्या शेतांत उतरणें झालें. आणि फाल्गुनांत एके दिवशीं तो घरीं सांगूं लागला कीं, येत्या रविवारीं उंच धारेवरून माझें पहिलें एकट्याचें उड्डाण आहे.

एकत्र कुटुंबांत अशा वार्तेचें काय होतें, हें वाचकांस सांगावयास नको. आमच्या घरांतल्या मंडळींनीं देवापुढें दिवा लावला. धाकट्या बंधूंनीं वर्तमानपत्रांतील अपघातांच्या बातम्या आठवून आठवून सांगितल्या. नातवाचे वडील, म्हणजे आमचे चिरंजीव, नेहमींप्रमाणें कांहींच बोलले नाहींत. सूनबाई मात्र शनिवारीं रात्रीं सर्वांचीं पानें उचलल्यावर माझ्यापाशीं आली आणि म्हणाली, "मामंजी, तो माझें ऐकणार नाहीं आणि ह्यांचें तर मुळींच ऐकणार नाहीं. तुमचें ऐकेल. उद्यां तुम्ही त्याच्याबरोबर जा, आणि वर गेल्यावर तरी त्याला नाहीं म्हणा." मीं 'बरें' म्हणून शब्द दिला.

हा शब्द देतांना माझ्या मनांत जें आलें तें येथें प्रांजळपणें सांगणें भाग आहे. एकोणतीस वर्षांपूर्वीं माझा मुलगा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला होता. विमानदलांत जाण्याची त्याची इच्छा होती. पुढील मुलाखतीचें पत्र आलें, तेव्हां मीं 'एकुलता एक आहेस' एवढ्या तीन शब्दांत त्याचा निकाल लावला. त्यानें वाद घातला नाहीं, रडला नाहीं. बँकेंत लागला, संसार केला, आम्हांस सांभाळलें. पण तेव्हांपासून आकाशांतून विमान गेलें तर घरांतील सर्वजण वर पाहतात आणि तो तेवढा पाहत नाहीं, हें माझ्या ध्यानांत आल्यावांचून राहिलेलें नाहीं.

रविवारीं पहाटेच्या लोकलनें आम्ही आजा-नातू निघालों. कामशेतास उतरून जीपनें डोंगराच्या पायथ्याशीं गेलों, आणि तेथून पाऊण तासाची चढण मीं काठी टेकीत पार केली. धारेवर पोंचलों तेव्हां नऊ वाजले होते. समोर पवना धरणाचें पाणी, त्याच्या अलीकडे-पलीकडे तिकोना आणि तुंग, उजवीकडे लोहगड व विसापूर यांच्या कातळभिंती; असा देखावा पाहून क्षणभर मी आलों कशासाठीं हेंच विसरलों. पंधरा-वीस तरुण-तरुणी पंखांच्या गुंडाळ्या पाठीवर घेऊन तेथें बसल्या होत्या. आणि बसल्याच होत्या. कोणीहि उडत नव्हतें.

शिक्षक म्हणून जे गृहस्थ होते ते चाळिशीच्या आंतले, उन्हानें रापलेले, मितभाषी. मला बसावयास सतरंजी देऊन ते म्हणाले, "आजोबा, आज वारा पाठीमागचा आहे. बसून राहावें लागेल."

"पाठीमागचा वारा तर होडीला चांगला," मीं आपलें पुस्तकी ज्ञान पुढें केलें.

ते हंसले आणि हातांतील काठीनें जमिनीवर डोंगराची आकृति काढून त्यांनीं मला जो पाठ दिला, तो येथें संक्षेपानें देतों. वारा डोंगराच्या तोंडावर समोरून आला, म्हणजे त्यास पुढें वाट न राहिल्यामुळें तो उतारावरून वर चढतो. ह्या वर चढणाऱ्या वाऱ्यावरच पंख तरंगतो. घारी धारेच्या कडेनें पंख न हालवितां येरझारा घालतात त्या ह्याच आधारावर. परंतु वारा मागून आला, तर तो डोंगर ओलांडून ह्या बाजूस खालीं कोसळतो, आणि ओढ्याचें पाणी मोठ्या धोंड्यावरून पडल्यावर जसे भोंवरे करतें तसे भोंवरे करतो. ते भोंवरे डोळ्यांस दिसत नाहींत. त्यांत सांपडलेल्या पंखास मात्र ते चांगलेच समजतात. धारेची एक बाजू तारणारी आणि दुसरी मारणारी असते, आणि कोणती बाजू कोणती हें डोंगर ठरवीत नाहीं, वारा ठरवितो.

दुसरी गोष्ट वेगाची. तासास पंधरा किलोमीटरचा वारा नवशिक्यास बरा. तोच तीस झाला तर जोर दुप्पट होत नसून चौपट होतो. शिवाय हा कापडी पंख स्वतः हवेंतून तासास पस्तीस-चाळीस किलोमीटरच जाऊं शकतो. समोरचा वारा तितकाच झाला तर माणूस जागच्या जागीं टांगून राहावयाचा, आणि त्याहून वाढला तर उलट मागें, म्हणजे त्या भोंवऱ्यांच्या बाजूस ढकलला जावयाचा.

दहा वाजले, अकरा वाजले. वारा पूर्वेचाच. दुपारीं तो पडला, पण आतां निराळीच तऱ्हा सुरू झाली. उन्हानें तापलेल्या नांगरटीवरून आणि कातळांवरून गरम हवेचे लोट सुटूं लागले. पांच मिनिटें पान हालत नसे. मग एकाएकीं वाळलेलें गवत एका बाजूस निजे, धुळीचा एक खांब नाचत जाई, आणि पुनः सर्व शांत. उंचावर घारी त्या लोटांवर गोल गोल चढत होत्या. "त्यांचा जन्म त्यांत गेला," शिक्षक म्हणाले, "आमच्या पोरांचे आठ दिवस गेले आहेत."

आम्हीं बरोबर नेलेल्या दशम्या खाल्ल्या. फावला वेळ आणि समोर विद्यार्थी, हा योग निवृत्त शिक्षकास सहन होत नाहीं. नातवास व त्याच्या मित्रांस मीं ऑटो लिलिएंथालची कथा सांगितली.

हा जर्मन गृहस्थ १८४८ सालीं आंक्लाम गांवीं जन्मला. बाळपणीं भाऊ गुस्टाव्ह याच्यासह करकोच्यांचें उड्डाण पाहत बसण्याचा त्यास छंद. पुढें यंत्रज्ञ होऊन बर्लिनमध्यें त्यानें स्वतःचा कारखाना काढला, तरी पक्ष्यांवरील दृष्टि काढली नाहीं. १८८९ मध्यें त्यानें पक्ष्यांच्या उड्डाणावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १८९१ पासून लवचीक काठ्या व कापड यांचे पंख करून त्यांना लोंबकळत तो टेकड्यांवरून उडूं लागला. पांच वर्षांत सुमारें २००० उड्डाणें त्यानें केलीं. सर्वांत लांबचीं सुमारें २५० मीटरांचीं. वाऱ्याचा त्याला इतका विचार, कीं बर्लिनजवळ लिश्टरफेल्ड येथें १८९४ मध्यें त्यानें १५ मीटर उंचीची शंकूसारखी टेकडीच रचून घेतली. शंकूसारखी कां, तर वारा कोणत्याहि दिशेनें आला तरी त्याच्या समोर धांवत जातां यावें म्हणून. इतका सावध मनुष्य. परंतु ९ ऑगस्ट १८९६ रोजीं, रविवारींच, श्टॉलन गांवच्या गोलेनबर्ग टेकडीवर आधींचीं उड्डाणें नीट झालीं असतां एका उड्डाणांत उन्हाच्या हवेचा झोत आला, पंखाचें तोंड वर उचललें गेलें, गति संपली, आणि सुमारें १५ मीटरांवरून तो खालीं आला. पाठीचा कणा मोडला. दुसऱ्या दिवशीं बर्लिनमध्यें त्याचा अंत झाला. मागें पत्नी व चार मुलें. त्याच्या मृत्यूची वार्ता अमेरिकेंत राइट बंधूंच्या वाचनांत आली, आणि तीच त्यांच्या प्रयत्नांचें एक बीज ठरली.

"म्हणजे आजोबा," नातवाचा एक मित्र म्हणाला, "तुम्ही आम्हांला भिववायला आलांत!"

मी कांहीं बोललों नाहीं, कारण आरोप खरा होता. तेव्हां नातवानेंच पुढची गोष्ट सांगितली. अमेरिकेंत फ्रान्सिस रोगालो व त्याची पत्नी गर्ट्रूड या दांपत्यानें १९४८ मध्यें घरच्या स्वयंपाकघरांतील पडद्याचें कापड घेऊन एक लवचीक पंख केला. पुढें अंतराळयान जमिनीवर उतरविण्याकरितां त्या पंखाचा उपयोग होईल काय, याचीहि तिकडे परीक्षा झाली. १९६३ मध्यें ऑस्ट्रेलियांत जॉन डिकन्सन यानें त्या पंखाखालीं धातूची त्रिकोणी चौकट बसविली. माणसानें मध्यें टांगून घ्यावें आणि चौकट धरून आपला भार इकडे-तिकडे सारावा, म्हणजे पंख वळतो. हेंच आजचें हँग ग्लायडर. आमच्या नातवाच्या पाठीवरचा प्रकार त्याहून निराळा. त्यास दांडी नाहीं कीं चौकट नाहीं. केवळ कापडाच्या शिवलेल्या नळ्या, त्यांत समोरून वारा शिरला कीं त्या फुगून पंखाचा आकार धरतात. १९७८ मध्यें फ्रान्समधील मियूसी गांवीं विमानांतून उडी घेणाऱ्या छत्रीधाऱ्यांनीं डोंगरावरूनच धांवत सुटून ह्या प्रकारास आरंभ केला. वाऱ्याच्या फुग्यावरच सर्व भिस्त असल्यामुळें वारा वांकडा झाला तर हा पंख घडी पडून मिटूंहि शकतो. हें शेवटचें वाक्य त्यानें माझ्याकडे पाहून, कांहीं न लपवितां सांगितलें, याबद्दल मला त्याचें कौतुक वाटलें.

चारच्या सुमारास पश्चिमेकडून पहिली झुळूक आली. कोंकणांतून घाट चढून येणारा तो समुद्राचा वारा. सर्वजण लगबगीनें उठले. नातवानें पंख पसरला, दोऱ्या तपासल्या, पट्ट्यांची बैठक अंगांत चढविली, शिरस्त्राण बांधलें. मी काठी टेकून उठलों. सूनबाईस दिलेला शब्द आतां पाळावयाचा होता, आणि 'नाहीं' हें एकच अक्षर घशापर्यंत आलें होतें.

शिक्षक वारा मोजण्याचें यंत्र धरून उभे होते. काठीवर बांधलेली कापडी नळी कधीं ताठ होई, कधीं गळून पडे. "चौदा... सोळा... सव्वीस... बारा," ते मोठ्यानें आंकडे वाचीत होते, आणि पुढें कांहींच सांगत नव्हते. मला त्यांचा राग आला. शिक्षक आहांत तर सांगा ना, जा किंवा जाऊं नको! पण चाळीस वर्षें वर्गांत उभें राहिलेल्या माझ्या लवकरच लक्षांत आलें कीं, हा मनुष्य उत्तर ठाऊक असून मुलाच्या तोंडून येण्याची वाट पाहत आहे.

नातू खालच्या उतारावरील गवताकडे पाहत होता. एक पट्टा इकडे निजे, दुसरा तिकडे. दोन मिनिटें तशींच गेलीं. मग त्यानें शिरस्त्राणाचा बंद सोडला आणि म्हणाला, "आत्तां नको, सर. वारा अजून ठरलेला नाहीं."

शिक्षकांनीं नुसती मान हालविली.

येथें वाचकांस वाटेल कीं, दुसरा कोणी अविचारानें उडाला आणि पडला, व नातवाचें शहाणपण सिद्ध झालें. तसें कांहीं झालें नाहीं. शेजारच्या दुसऱ्या तुकडींतील एक जुना, अनुभवी गृहस्थ त्याच वाऱ्यांत उडाला, दोन-तीन वेळां हेलपाटला, आणि खालच्या शेतांत सुरेख उतरला. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. नातवाचे कान लाल झाले. मित्रांनीं त्यास थोडें चिडविलेंहि. तो पंख गोळा करून माझ्याजवळ येऊन बसला. मीं विचारलें, "पश्चात्ताप होतो का रे?" तो म्हणाला, "होतो. पण पुनः विचारलें तरी नाहींच म्हणेन."

त्या क्षणीं मला व्यासांचा अनध्याय समजला. वारा सुटला म्हणून वेद कांहीं अपवित्र होत नाहीं, कीं शिष्य कांहीं अपात्र ठरत नाहीं. ज्या प्राणवायूनें पठण करावयाचें तोच जेव्हां बाहेर क्षुब्ध असतो, तेव्हां थांबणें हा अध्ययनाचाच एक भाग आहे. आणि गंमत ही, कीं व्यास केवळ 'थांब' म्हणून मोकळे होत नाहींत. शुक विचारतो आणि ते वारा कसा कसा असतो हें सांगतात. मीं एकोणतीस वर्षांपूर्वीं 'थांब' तेवढें म्हटलें होतें. मुलानें विचारलें नाहीं आणि मीं सांगितलें नाहीं. माझा अनध्याय कधीं सुटलाच नाहीं.

पावणेसहाला वारा बसला. बसला म्हणजे थांबला नव्हे. पश्चिमेकडून एकसारखा, संथ, नदीच्या प्रवाहासारखा वाहूं लागला. गवताचीं सर्व पातीं एकाच बाजूस वांकलीं. यंत्रावर तेरा, चौदा, तेरा. नातू पुनः सज्ज झाला. ह्या वेळीं त्यानें वाऱ्याकडे पाहिलें, शिक्षकांकडे पाहिलें, आणि मग मागें वळून मला विचारलें, "आजोबा, जाऊं?"

त्यास घरचा बेत ठाऊक होता काय, कोण जाणे. मी सूनबाईच्या शब्दानें बांधलेला. आणि तरी ज्यानें चार वाजतां स्वतः नाहीं म्हटलें, त्यास पावणेसहाला मीं कोणत्या तोंडानें नाहीं म्हणावें? मीं म्हटलें, "जा."

पंख डोक्यावर उभा राहिला, तो चार-पांच पावलें धांवला, आणि पायांखालची जमीन संपली. शांतिपर्वांत पुढें असें आहे कीं, तोच शुक एके दिवशीं पर्वतशिखरावरून आकाशांत निघून जातो आणि ज्ञानी व्यास सामान्य बापासारखे 'शुका, शुका' म्हणून हांका मारीत मागें धांवतात. त्या हांकेस चराचर सृष्टि, पर्वत उत्तर देतात. मीं हांक मारली नाहीं, कारण तोंडाला कोरड पडली होती. सात-आठ मिनिटें तो धारेच्या कडेनें गेला, वळला, परत आला. एकदां तर माझ्या मस्तकापेक्षांहि उंच होता, आणि कापडाचा सरसर आवाज मला स्पष्ट ऐकूं आला. मग खालच्या शेतांत उतरला, दोन पावलें धांवला, आणि उभा राहिला. मी मात्र तेव्हां खालीं बसलों.

रात्रीं घरीं येऊन झालें तें सर्व मीं सांगितलें. मीं 'जा' म्हणालों हेंहि. सूनबाई म्हणाली, "मामंजी, तुम्हांला थांबवायला पाठविलें होतें," आणि आंत गेली. तिनें ताट नेहमींसारखेंच वाढलें, पण पुढें दोन दिवस ती माझ्याशीं मोजकेंच बोलली. तिचा राग रास्त आहे, असें मी समजतों. मुलगा सुखरूप उतरला यावरून माझें म्हणणें बरोबर ठरत नाहीं, जसें त्या अनुभवी गृहस्थाच्या सुरेख उतरण्यावरून नातवाचें थांबणें चूक ठरत नाहीं. दैव अनुकूल झालें म्हणजे निर्णय शहाणपणाचा होता, असा हिशेब घालूं नये. लिलिएंथालचींहि बहुतेक सर्व उड्डाणें नीटच झालीं होतीं. एवढेंच म्हणतां येईल कीं, मुलांस 'जाऊं नको' म्हणण्यापूर्वीं आपण एकदां त्यांच्याबरोबर डोंगर चढून, तीं वारा कसा पाहतात हें पाहावें. न पाहणाऱ्यास अवश्य थांबवावें. पाहणाऱ्यास मात्र वाटेंत अडवूं नये.

जेवणें झाल्यावर मी ओसरीवर बसलों होतों. चिरंजीव आले, शेजारीं बसले, आणि बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग हळूच विचारते झाले, "अण्णा, वारा कोणत्या दिशेचा होता?"

मीं काठी घेतली, अंगणांतल्या मातींत डोंगराची आकृति काढली, आणि पहिल्यापासून सांगावयास सुरुवात केली.